शेणाला हमीभाव

जर्मनीच्या खेड्यांतून जाताना गोठ्यांशेजारी घुमटाच्या गोल टाक्या दिसतात. देशात असे नऊ हजारांहून जास्त बायोगॅस प्रकल्प आहेत. यंत्रविद्येत पुढारलेल्या देशाची ही करामत, असं बघणाऱ्याला वाटतं. पण शेण-मैला कुजला की जळणारा वायू निघतो हे कुणाचं गुपित नव्हतं. आपल्या माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते. जर्मन शेतकऱ्याने गोठ्यामागे टाकी बांधायची की नाही आणि त्या टाकीत काय घालायचं, हे ठरवलं भावाने.

तिथेही सुरुवात शहराच्या सांडपाण्यापासून झाली. एसेनचे अभियंता कार्ल इमहॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गाळ वेगळा कुजवणारी दुमजली टाकी केली, आणि १९२० च्या दशकात तिथल्या मैल्याचा वायू उपयोगात येऊ लागला. शेतावर तो पोचला दुसऱ्या महायुद्धानंतर. इंधन नाही, खत नाही, अशा दिवसांत ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागात १९४८ च्या सुमारास शेणावरचा प्रकल्प उभा राहिला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर सुमारे पन्नास झाले. त्या शेतकऱ्यांना वायूइतकंच टाकीतून बाहेर पडणारं खतही हवं होतं. मग तेल स्वस्त झालं, रासायनिक खताची पोती दारात आली, आणि बहुतेक टाक्या बंद पडल्या. बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्न मठाने १९५५ साली बांधलेली टाकी मात्र १९७९ पर्यंत चालवली.

१९७३ साली तेल कडाडलं तेव्हा शेणाची पुन्हा आठवण झाली. दक्षिण जर्मनीत काही शेतकरी एकमेकांच्या मदतीने स्वतःच टाक्या बांधू लागले. वायूवर इंजिन फिरवून वीज होत होती, पण उरलेली वीज घेणार कोण? वीज कंपन्या घेत, ते मनाला येईल त्या भावाने.

हा पेच १९९० साली सुटला. ख्रिश्चन सोशल युनियनचे माथियास एंगेल्सबर्गर आणि ग्रीन पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स, म्हणजे एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणाऱ्या पक्षांतले दोघे, एका कायद्यासाठी एकत्र आले. जेमतेम पाच कलमांचा हा कायदा १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. शेतातल्या मालापासून किंवा टाकाऊ पदार्थांपासून केलेली वीज कंपनीने घेतलीच पाहिजे, आणि ग्राहकाकडून सरासरी जो दर मिळतो त्याच्या किमान ७५ टक्के दिले पाहिजेत. इतका आखूड आणि इतका परिणाम करणारा कायदा क्वचितच होतो. २००० सालच्या अक्षय ऊर्जा कायद्याने त्यापुढे जाऊन लहान प्रकल्पांना युनिटमागे २० फेनिग (तिथले जुने पैसे) ठरवून दिले आणि तो दर वीस वर्षं बांधून दिला. वीस वर्षांची हमी हातात असलेल्या शेतकऱ्याला बँक दारातून परत पाठवत नाही.

आपल्याकडे काय झालं ते इथे आठवतं. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. मापुसकरांनी शेणमैल्याच्या वायूसाठी आयुष्य वेचलं. सरकारनेही गोबर गॅसला अनुदान दिलं, पण ते टाकी बांधण्यासाठी होतं. टाकी बांधून झाली, अनुदान मिळालं, आणि पुढे ती चालते की नाही हे पाहणारं कुणी उरलं नाही. जर्मनीत मुख्य पैसे मिळाले ते वीज तारेत गेल्यावरच. म्हणून तिथे इंजिन एक दिवस बंद राहिलं तरी मालकाचा जीव वरखाली होतो. हा फरक मला तंत्रज्ञानापेक्षा फार मोठा वाटतो.

पण भावाला डोळे नसतात. पातळ शेणात पाणीच जास्त, म्हणून टनामागे वीस-पंचवीस घनमीटर वायू मिळतो. मुरवलेल्या हिरव्या मक्यातून दोनशेच्या आसपास. २००४ साली अशा पिकांवर चालणाऱ्या लहान प्रकल्पांना युनिटमागे युरोचे ६ सेंट जादा मिळू लागले आणि शिवारं मक्याने भरून गेली, खात्रीचा भाव दिसला की आपल्याकडे ऊस पसरतो तशी. जमिनीचे खंड वाढले. ज्या गाईवाल्यासाठी हे सगळं सुरू झालं, त्यालाच चाऱ्याला रान मिळेना. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

मग कायद्याने शेणाचं नाव घेतलं. २००९ साली किमान ३० टक्के शेण घालणाऱ्याला बोनस मिळाला. २०१२ साली मक्याला ६० टक्क्यांची मर्यादा घातली गेली, जी पुढे आणखी खाली आली. ७५ किलोवॉटपर्यंतचा प्रकल्प किमान ८० टक्के शेणावर चालवणाऱ्याला तर युनिटमागे २५ सेंट देऊ केले. अशा शेकडो लहान टाक्या गोठ्यांशेजारी उभ्या राहिल्या.

अशा टाकीत गोठ्यातला शेणाचा काला थेट पंपाने येतो. इंजिन थंड करणारं गरम पाणी टाकीच्या भिंतींतल्या नळ्यांतून फिरवतात, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही आत ४० अंशांच्या आसपास ऊब राहते. वर साय धरू नये म्हणून मोठी पाती काला ढवळत राहतात. घुमटाखाली थोडी हवा सोडतात; तिच्या जोरावर जिवाणू वायूतला इंजिन खाणारा गंधक वेगळा करतात आणि आतल्या जाळीवर पिवळी बुरशी आल्यासारखा तो साचतो. कुजून बाहेर पडलेला काला शेतात टाकला की वास कमी येतो आणि पिकाला नत्र लवकर लागू पडतं. उघड्या खड्ड्यातून या वायूतला मिथेन हवेत गेला असता तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरतो. टाकीतून तो इंजिनात जातो आणि जळून जातो.

इतकं करूनही जर्मनीतलं साधारण एक तृतीयांश शेणच टाक्यांत जातं. बाकीचं लहान गोठ्यांत, विखुरलेलं. त्यांच्यासाठी टाकीचा खर्च निघत नाही, आणि पातळ शेण दूर वाहून नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. २०२१ मध्ये शेणावरच्या प्रकल्पांची मर्यादा १५० किलोवॉटपर्यंत वाढवली, म्हणजे शेजारच्या दोन-तीन गोठ्यांना एकत्र येता यावं. दुसरीकडे २००० सालच्या प्रकल्पांची हमी २०२० अखेर संपली. त्यांचे मालक आता सरकारी लिलावात नव्या दरासाठी बोली लावतात, किंवा वायू शुद्ध करून थेट गॅसवाहिनीत सोडण्याचा हिशेब मांडतात. ज्यांचा हिशेब बसत नाही, ते इंजिन विकून टाकतात, आणि त्यांच्या गोठ्यातलं शेण पुन्हा उघड्यावर जातं.