निरोगी गाईच्या रक्तातील छुपा जिवाणू : गोचीडजन्य रोगाचे रेणवीय निदान

उज्जैनच्या फ्रीगंज भागात शिंदे राजवटीपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्या माळव्यातील गोठे आणि गोव्यातील गोठे यांच्या हवामानात मोठा फरक असला, तरी गुरांचा एक शत्रू दोन्हीकडे समान आहे : गोचीड. गोचिडांमुळे पसरणारे थायलेरिओसिस व बॅबेसिओसिस हे रोग आदिजीवांमुळे होतात. अ‍ॅनाप्लाज्मोसिस हा मात्र जिवाणूजन्य आहे.

या रोगास कारणीभूत असलेल्या 'अ‍ॅनाप्लाज्मा मार्जिनेल'चे वर्णन सर अर्नोल्ड थायलर यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत केले. हा जिवाणू तांबड्या रक्तपेशीच्या कडेला ठिपक्यासारखा दिसतो; त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. बाधित पेशी प्लीहेत नष्ट होऊ लागतात. परिणामी जनावराला ताप येतो, डोळ्यांच्या आतील त्वचा पांढरी वा पिवळसर पडते, दूध आटते, गाभण गाय गाभ टाकू शकते. बॅबेसिओसिसप्रमाणे लघवी लाल होत नाही. वासरांमध्ये आजार सौम्य असतो. दोन वर्षांवरील जनावरांत तो प्राणघातक ठरू शकतो.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, जिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही निदानाची जुनी पद्धत. तापाने फणफणलेल्या गाईसाठी ती आजही उपयुक्त आहे. खरी अडचण बऱ्या झालेल्या गाईची असते. तिच्या रक्तात जिवाणू आयुष्यभर राहू शकतो, पण इतक्या अल्प प्रमाणात की काचपट्टीवर तो बहुधा सापडत नाही. अशी धष्टपुष्ट, दुभती गाय गोठ्यात आली की गोचीड, चावऱ्या माश्या किंवा एकच सुई अनेक जनावरांना वापरल्याने रोग इतरांपर्यंत पोहोचतो.

येथे रेणवीय निदान कामी येते. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलेल्या पीसीआर तंत्रासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गाईच्या रक्तातून डीएनए वेगळा काढून त्यात जिवाणूच्या विशिष्ट जनुकाशीच जुळणारे छोटे तुकडे मिसळतात. यासाठी 'एमएसपी-५' किंवा '१६एस' जनुक निवडले जाते. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे धागे सुटे होतात, तापमान उतरल्यावर ते तुकडे जागी बसतात आणि ७२ अंशांना नवा धागा विणला जातो. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात; तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या, तत्त्वतः, शंभर कोटींहून अधिक प्रती होतात.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. डीएनए सापडला म्हणजे जनावर आजारीच आहे, असे नव्हे. लक्षणे आणि रक्तक्षय यांची सांगड पशुवैद्यकालाच घालावी लागते. नमुना दूषित झाल्यास खोटा निष्कर्षही निघतो. शिवाय आजारी गाईचे उपचार अहवालासाठी थांबवता येत नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिन वेळेत मिळाले तरच ते प्रभावी ठरते. पेनिसिलिनचा या जिवाणूवर उपयोग होत नाही.

परराज्यातून संकरित गाय आणणाऱ्या गोव्यातील पशुपालकासाठी म्हणूनच खरेदीची वेळ महत्त्वाची. गाय कळपात सोडण्यापूर्वी तिला वेगळे बांधावे, गोचीड निर्मूलन करावे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे आणि प्रत्येक जनावरासाठी नवी सुई वापरावी. कर्ज काढून घेतलेल्या गाईच्या बाबतीत ही खबरदारी उपचारांपेक्षा स्वस्त पडते.