नैराश्यातील मंदत्व
विचार, बोलणे आणि हालचाल यांचा वेग मंदावणे हे तीव्र नैराश्याचे एक लक्षण आहे. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला बराच वेळ लागतो. आवाज हळू व एकसुरी होतो, पावले ओढल्यासारखी पडतात, अंघोळीसारखे साधे कामही रेंगाळते. घरच्यांना हा आळस वाटतो. तो तसा नसतो. डीएसएम-५ (२०१३) या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार हे मंदत्व इतरांना दिसून यावे लागते, केवळ रुग्णाला तसे वाटणे पुरेसे नाही. मानसोपचारतज्ज्ञ हॅमिल्टन यांच्या १९६० च्या नैराश्य-मापनश्रेणीतही त्याची स्वतंत्र नोंद घेतली जाते. पार्किन्सनचा आजार आणि थायरॉइडची कमतरता यांतही असेच चित्र दिसत असल्याने शारीरिक तपासणी आवश्यक ठरते. रुग्णाचे हालणे-बोलणे व खाणेपिणे जवळजवळ थांबते, अशा टोकाच्या अवस्थेत विद्युत-उपचार अनेकदा गुणकारी ठरतो.