साहसी कोण?

आमच्या सुलतानपूरहून बुलढाण्याला जायचं तर मेहकर, चिखली करत जावं लागतं. जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे आमच्या लेखी दाखले, सह्या आणि रांगा. याच बुलढाण्यातल्या एका बाईने १८८२ साली मराठीतलं एक अतिशय धारदार पुस्तक लिहिलं, हे मला इंजिनीअरिंग संपेपर्यंत ठाऊक नव्हतं. बाईंचं नाव ताराबाई शिंदे, पुस्तक 'स्त्रीपुरुषतुलना'.

मोबाईलवर पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर चुकलो. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात साहसी कोण, हे दाखवायला हा निबंध लिहिलाय, असं नावाखालीच म्हटलंय. मला वाटलं, बायकाही शूर असतात असं सांगणारं पुस्तक असणार. पण स्त्रियांचे 'स्वाभाविक' दोष मोजणारा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक आहे. त्यात खोटेपणा, कपट, लोभ यांच्या रांगेत साहसही येतं. तिथे साहस म्हणजे मागचापुढचा विचार न करता केलेलं कृत्य. म्हणजे ताराबाई शौर्याबद्दल बोलतच नाहीत. त्या विचारताहेत, खरा दोषी कोण? एक शब्द आजच्या अर्थाने वाचला आणि लेखिकेचा हेतूच उलटा झाला.

हेतू नीट कळायला ठिणगी कुठे पडली ते पाहावं लागतं. १८८१ साली सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. नवजात मूल मारल्याचा आरोप होता. पुढे मुंबई हायकोर्टात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या प्रकरणावर वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आलं. 'पुणेवैभव'ने तर एकूण बायकांच्या वर्तनावरच तोंडसुख घेतलं. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद का, तिला दिवस गेले त्यात पुरुषाचा काहीच वाटा नव्हता का, या प्रश्नांना तिथे जागा नव्हती. हे वाचून बुलढाण्यात ताराबाईंनी लेखणी उचलली.

त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला त्यांनी वाचायला-लिहायला शिकवलं होतं. पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

प्रस्तावनेत ताराबाई स्वतःला कमी लेखतात. आपण मराठ्यांच्या घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची बाई आहोत, म्हणून भाषा कडक झाली असेल तर सांभाळून घ्या, असा सूर आहे. तेवढंच वाचून थांबलो तर हे नम्र निवेदन वाटेल. पण पुढच्या पानांवर त्या पुरुषांना समोर बसवून जाब विचारतात. बायकांवर ठेवलेला एकेक आरोप घेतात आणि तोच पुरुषांना लावून बघतात. लाचखोरी, बाहेरख्यालीपणा, एक बायको मरताच दुसरी करणं यांचा हिशोब मांडतात. ही तुलना कुठल्या एका जातीची किंवा घराण्याची नाही, हेही आधीच सांगून ठेवतात.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा वाचक म्हणून केलेला हिशोब. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या तेव्हाच्या कादंबऱ्या, 'मनोरमा' नाटक त्यांनी वाचलेलं होतं. लेखकांनी बायका अशा का रंगवल्या, अशा बायका त्यांनी कुठे पाहिल्या, असं त्या विचारतात. आपण शाळेत 'लेखकाचा हेतू स्पष्ट करा' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर लिहिलं. ताराबाईंनी तो प्रश्न लेखकांनाच विचारला.

त्यांचा स्वतःचा हेतू मात्र थोड्यांनाच कळला. सत्यशोधक चळवळीतल्या काही पुरुषांनाही पुस्तक झोंबलं. भाषेचा तिखटपणा त्यांना दिसला, त्यामागचं कारण दिसलं नाही. जोतीराव फुल्यांना ते दिसलं. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना सुनावलं.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं, तेव्हा ९३ वर्षं उलटून गेली होती.

रागाने लिहिलेलं काही फोनवर आलं की अजूनही माझं बोट आधी सुराकडे जातं: केवढा कडवटपणा! मग विजयालक्ष्मी आठवते. तिच्याबद्दल कोर्ट बोललं, वर्तमानपत्रं बोलली. तिच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून बुलढाण्यातल्या एका घरात बसून ताराबाईंनी लिहिलं. ते कारण बाजूला ठेवलं, तर पुस्तकात फक्त राग उरतो.