जात्यावरच्या ओव्यांचा डिजिटल संग्रह

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी दळताना गायिलेल्या ओव्यांचा, सर्वांना विनामूल्य खुला असलेला डिजिटल संग्रह. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका एवढा त्याचा विस्तार आहे. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ (पारी) या पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो 2017 पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे.

संकलनाची सुरुवात 1980च्या दशकातली. पुण्यातील अभ्यासक-कार्यकर्ते हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ हे मुळशी-मावळच्या डोंगरी भागात ‘गरीब डोंगरी संघटने’चे काम करत होते. संघटनेतल्या बायका बैठकीत बोलायला कचरत, पण ओवीतून मन मोकळे करत. गावोगावी पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि त्याबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. या दोघांनी ओव्या लिहून घेतल्या त्या नेमक्या याच काळात. 1990च्या दशकात संगणकतज्ज्ञ व संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केले आणि ओव्यांची माहिती संगणकावर रचली.

संग्रहाचे खरे मोल त्याच्या नोंदीत आहे. ओवीचे शब्द व आवाज यांच्या जोडीला गायिकेचे नाव, गाव, तालुका, जात, वय, मुलेबाळे, व्यवसाय अशी माहिती येते. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’सारख्या मोलाच्या छापील संग्रहात ओव्या विषयवार लावलेल्या आहेत, ओवीखाली गाणारीचे नाव नाही. इथे शेतमजूर बाई रचनाकार म्हणून स्वतःच्या नावाने उभी राहते. लोकसाहित्याच्या अभ्यासात हा न्याय फार उशिरा झाला.

दळण पहाटे, घर झोपेत असताना चाले. तिथे बाईचे ऐकणारी बाईच. म्हणून सासुरवास, लेकीचा जन्म, भावाचे माहेर, सीतेचा वनवास हे विषय ओवीत निर्धास्तपणे येतात. सीता तर देवी राहतच नाही, टाकलेली लेक होते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. लिखित चरित्रांत न येणारे, घरच्या माणसासारखे बाबासाहेब त्यांत भेटतात. जातिमुक्तीचा इतिहास शोधणाऱ्याला या ओव्या टाळून चालणार नाही.

प्वातवाँ 2004 मध्ये निवर्तले, तर राईरकर 2010 मध्ये निवर्तल्या. पुढे ‘पारी’च्या चमूने जुन्या गायिकांचा माग काढला, त्यांची छायाचित्रे व चित्रफिती घेतल्या. काही गायिका तोवर हयात नव्हत्या.

ओवी दर वेळी थोडी बदलते. ध्वनिमुद्रण त्यातले एकच रूप धरते. ही मर्यादा ओळखून एकाच ओवीची गावोगावची रूपे स्वतंत्र नोंदींनी राखली आहेत, त्यामुळे मूळ पाठ कोणता हा वादच उरत नाही.