निस्तार पत्रक : जंगलातल्या भांडवलाची जुनी वही

वनहक्क कायद्याचे नियम 2008 साली लागू झाले. त्यातल्या 13व्या नियमात सामूहिक दाव्याला कोणता पुरावा चालेल याची यादी आहे आणि तिच्यात पहिलाच मान निस्तारचा, म्हणजे गावाच्या जंगलातल्या वहिवाटीच्या हक्काचा, आहे. दिल्लीत बसून केलेल्या, साऱ्या देशाला लागू असलेल्या नियमात चांद्याकडच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या, तलाठी दप्तरातला शब्द कसा आला? हा धागा धरून मी मागे निघालो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभा आज बांबू आणि तेंदूपत्त्याचे स्वतः लिलाव करतात. त्या व्यवहाराचे मूळ मला 1860च्या दशकातल्या जमाबंदीत दिसते.

ठळक टप्पे सगळ्यांना माहीत आहेत. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1869 मध्ये मेजर ल्युसी स्मिथने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल दिला. मला रस आहे तो या जमाबंदीबरोबर आलेल्या एका उसनवारीत. तिचे नाव वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रीतिरिवाजांची नोंद. इंग्रज अधिकारी होल्ट मॅकेन्झीच्या आग्रहाने झालेल्या 1822च्या सातव्या रेग्युलेशनने गंगेच्या खोऱ्यात गावोगाव चौकशी करून हक्क लिहून काढण्याची पद्धत घातली. ती गहू-उसाच्या, दाट वस्तीच्या मुलखासाठी होती. मध्य प्रांतात तीच पद्धत गोंडांच्या, बांबूच्या आणि मोहाच्या मुलखावर आणून बसवली गेली.

इथे तिला वेगळेच वळण लागले. इंग्रजांनी मालगुजाराला, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्याला, गावाची मालकी दिली, त्यात पडीक आणि झाडोऱ्याची जमीनही आली. मग कुळांना सरपण कुठून मिळणार, गुरे कुठे चरणार, नांगराचे लाकूड कोण देणार? ते लिहून ठेवल्याशिवाय सारावसुली सुरळीत होणार नव्हती. माझा तर्क असा की गंगेकाठी जे कलम चार ओळींत आटोपत असेल, ते चांद्यात फुगले, कारण इथल्या माणसाचे अर्धे पोट शेतावर आणि अर्धे जंगलावर. सरकारने स्वतःच्या महसुलासाठी केलेल्या कागदात गावाची जंगलातली वहिवाट अशी नकळत नोंदली गेली.

1951 मध्ये मालगुजारी संपली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, होऊन राहिले. जंगलही सरकारजमा झाले, पण वहिवाटीची नोंद मेली नाही. हा भाग महाराष्ट्रात आल्यावर 1966च्या जमीन महसूल संहितेने तिला कलम 161 ते 167 मध्ये जागा दिली. जिल्हाधिकाऱ्याने गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थेचे निस्तार पत्रक करावे, त्याआधी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकावे, गुरे चारण्याच्या आणि लाकूड, सरपण, वनोपज, मुरूम, माती नेण्याच्या अटी त्यात लिहाव्यात. कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्जही नावानिशी शाबूत आहे. कलम 164 तर मला रत्नासारखे वाटते : एका गावाचा दुसऱ्या गावाच्या पडीक जमिनीवरचा हक्कही नोंदता येतो. गावाची खरी हद्द महसुली नकाशापुरती नसते, हे 2006च्या वनहक्क कायद्याने ‘पारंपरिक सीमा’ म्हणून मान्य केले. संहितेला त्याची जाण चाळीस वर्षे आधीच होती.

या वंशावळीला प्रतिस्पर्धी आहेत. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टरने 1995 मध्ये अमेरिकी शहरांच्या आतल्या गरीब वस्त्यांबद्दल मांडले की तिथे न दिसलेली बाजारपेठ आहे. तेव्हापासून वस्तीची माहिती गोळा करून गुंतवणूकदाराला दाखवण्याची रीत फोफावली, आणि ग्रामसभांचे काम तिचाच रानातला अवतार आहे असे कुणी म्हणू शकेल. ते मला पटत नाही. तिथे माहिती बाहेरच्या पैसेवाल्यासाठी गोळा होते, इथे ती आधी मालकी सिद्ध करायला लागते.

दुसरा प्रतिस्पर्धी तगडा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यास गट चालवले. जंगल, मध, बांबू, कायदे यांवर गाव एकत्र बसून शिकले. निस्तार पत्रक फक्त गरज मोजते, साठा मोजत नाही आणि भाव तर मुळीच सांगत नाही. ते काम अभ्यास गटांनी केले, असा या बाजूचा युक्तिवाद. तो खरा आहे. पण व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न ‘माल किती’ हा नसतो, ‘माल कुणाचा’ हा असतो. साठ्याचे आकडे कितीही चोख असले तरी या प्रश्नाला उत्तर नसेल तर निविदा येत नाही. ते उत्तर वहिवाटीच्या नोंदीच्या कुळातून आले.

2009 मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले, मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टरवर. तरी बांबूची गाडी हलेना, कारण 1927च्या वन कायद्यात बांबू झाडात मोडत होता. 2006च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले होते, पण वाहतूक परवाना वन खात्याच्याच हातात. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेला दिले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण सोबत होते. त्यानंतर गावाचे बांबूचे उत्पन्न कोटीच्या घरात गेले. आधीही बांबू तोच होता आणि डोंगरही तेच होते.

पुढे तेंदूपत्ताही या वाटेने आला. 1969च्या कायद्याने त्याचा व्यापार सरकारच्या हाती होता. 2013च्या सुमारास ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. आपल्या रानात किती गोण्या निघतील ते गाव सांगते आणि ठेकेदार त्यावर बोली लावतो.

माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र उत्पन्न नाकारणाऱ्या गावाचा आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूवर गावाने रोजगार उभा केला, पण तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि रानाला आगी लावल्या जातात. बांबू केव्हा तोडायचा, काय न्यायचे, काय राखायचे, याचे नियम ग्रामसभेने लिहून काढले. ते नियम आणि संहितेच्या कलम 162चे मुद्दे शेजारी ठेवून वाचावेत. तोच चराईचा, वनोपजाचा, नेण्याच्या अटींचा साचा आहे. फक्त जिल्हाधिकाऱ्याच्या जागी ग्रामसभा आली आहे.