मनाई आणि परवाना : जमैकातील गांज्याची कहाणी

जमैका बेटातील गुलामगिरी १८३८ साली समूळ नाहीशी झाली, आणि ज्या मळ्यांत आपल्या पिढ्या चाबकाखाली खपल्या त्यांच्याकडे पाठ फिरवून मुक्त झालेले अनेक लोक डोंगरांतील जमिनी कसू लागले, तेव्हा उसाच्या मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. १८४५ च्या मे महिन्यात गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांची पहिली तुकडी घेऊन ‘ब्लंडेल’ जहाज ओल्ड हार्बर उपसागरात नांगरले. पुढे १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० हिंदी मजूर या बेटावर आले, आणि त्यांतील बहुतेक गंगेच्या खोऱ्यातील होते. त्यांच्याबरोबर गांजा गेला, चिलीमही गेली. मळ्यांत शेजारी राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी दोन्हींचा स्वीकार केला, आणि त्यांत स्वतःची भर घालून ज्वरावर व दम्यावर गांज्याच्या पाल्याचा काढा, दुखऱ्या सांध्यांवर रममध्ये मुरवलेला पाला, असे घरगुती औषधोपचारही रूढ केले.

इकडे हिंदुस्थानात हीच वनस्पती सरकारच्या वहीत उत्पन्नाच्या बाजूस मांडली जात होती. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा चालू होता, अहमदनगर जिल्ह्यात गांज्याचे पीक निघत होते, आणि मक्तेदार, परवाने व जकात यांची सारी यंत्रणा त्याच्याभोवती उभी होती. १८९३ साली सरकारने या विषयाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाने ११९३ साक्षीदारांच्या जबान्या नोंदविल्या आणि सात मोठ्या खंडांच्या अहवालात असा निर्णय दिला, की परिमित सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, सरसकट मनाई आवश्यकही नाही व इष्टही नाही, आणि कर व परवाना यांनी अतिरेकास आळा घालणे हाच राज्यकर्त्यांचा योग्य मार्ग होय. सरकारी चौकशीचे इतके परिश्रमपूर्वक आणि इतक्या समतोल बुद्धीने केलेले काम क्वचितच आढळते. आणि इतके परिश्रम फुकट गेल्याचे उदाहरणही क्वचितच.

कारण त्या अहवालानंतर अवघ्या १९ वर्षांनी, १९१३ साली, त्याच साम्राज्याच्या जमैका वसाहतीत गांज्याची लागवड व आयात यांवर मनाई करणारा कायदा झाला. त्याच्या मागे पाद्र्यांचा आग्रह होता, मजूरवर्गाविषयी वरिष्ठ वर्गाला वाटणारी धास्ती होती, आणि आदल्या वर्षीच्या हेगच्या अफू-कराराचे वारेही होते. कलकत्त्याच्या कचेरीत जे महसुलाचे कलम होते ते किंग्स्टनच्या कचेरीत फौजदारीचे कलम झाले.

या कलमाचा खरा मारा हिंदी मजुरांपेक्षा, गांज्याला धर्माचारात स्थान देणाऱ्या रास्ताफारी पंथावर झाला. १९३० साली हाइले सेलासी इथिओपियाचा सम्राट झाला, त्याच्यात देवत्व पाहणाऱ्या या पंथाच्या लेनर्ड हॉवेलने १९४० साली स्लायगोव्हिलजवळील पिनॅकल या डोंगरावर आपली वसाहत स्थापिली, आणि तेथे गांजा हे नगदी पीक झाले. या हॉवेलने आपल्या पुस्तकावर स्वतःचे नाव न घालता ‘जी. जी. माराघ’ हे हिंदी वळणाचे टोपणनाव घातले होते, ही गोष्ट मला त्या काळच्या कोणत्याही सरकारी दफ्तरापेक्षा बोलकी वाटते. पोलिसांनी पिनॅकलवर १९४१ साली धाड घातली आणि १९५४ साली ती वसाहत उद्ध्वस्त केली. स्वातंत्र्य १९६२ साली आले, पण धोरण पालटले नाही. रास्ताफारी व पोलीस यांच्यातील १९६३ च्या कोरल गार्डन्स येथील रक्तपातानंतर रास्ताफारींची धरपकड अधिकच उग्र झाली. पुढे अमेरिकेकडे चोरटी निर्यात वाढली, आणि तिच्याबरोबर अमेरिकेच्या नाराजीचे भयही वाढले. त्यामुळेच, प्राध्यापक बॅरी शेव्हान्स यांच्या आयोगाने २००१ साली प्रौढांचे खाजगी सेवन गुन्ह्यातून वगळावे अशी शिफारस केली असतानाही ती फाइलीतच पडून राहिली.

अखेर २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली. दोन औंसांपर्यंतचा गांजा बाळगणे हा फौजदारी गुन्हा न राहता किरकोळ दंडाचा विषय झाला, प्रत्येक घराला पाच रोपे लावण्याची मुभा मिळाली, रास्ताफारींच्या धर्माचाराला मान्यता मिळाली, आणि औषधी उपयोगाच्या लागवडीसाठी, प्रक्रियेसाठी व विक्रीसाठी परवाने देणारे एक प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई इलाख्याच्या जुन्या अबकारी अंमलदारास ही व्यवस्था फारशी परकी वाटली नसती. परवान्याच्या अर्जाबरोबर मात्र जमिनीच्या हक्काचा दाखला, शुल्क, कुंपण व पहाऱ्याची तजवीज मागितली जाते, आणि वेस्टमोरलँड परगण्याच्या टेकड्यांवर धाडींच्या दिवसांतही हे पीक जगवणाऱ्या अनेक लहान शेतकऱ्यांना ही पूर्तता झेपत नाही. भांडवलवाल्या कंपन्या परवाना घेऊन पुढे गेल्या, आणि या शेतकऱ्यांचा बराचसा माल अजूनही परवान्याबाहेरच विकला जातो.