मराठी गीतपरंपरेतील दारिद्र्य, पैसा आणि नैतिक तडजोड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
गावाचा वसूल किती होता, कर्जाचा दर काय होता, याची माहिती इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरांतून मिळते. परंतु वसूल देणाऱ्याला आणि कर्ज घेणाऱ्याला त्याविषयी काय वाटत होते, हे दप्तर सांगत नाही. ते भारूड, फटका, लावणी आणि ओवी यांतून व्यक्त होते. म्हणून गीत हे इतिहासाचे दुय्यम साधन मानणे योग्य नाही. प्रस्तुत निबंधात सोळाव्या ते विसाव्या शतकातील निवडक गीतप्रकारांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे. दारिद्र्याचा आणि त्यातून घडणाऱ्या नैतिक तडजोडीचा दोष मराठी गीताने कोणाच्या माथी मारला? हा विचार करताना गीताच्या आशयाइतकेच त्याच्या आश्रयदात्याकडेही लक्ष देणे आवश्यक आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संत एकनाथ : महसुलाच्या भाषेतील नीतिविचार
पैठणच्या संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरी किल्ल्यावरील अधिकारी होते. गुरूगृही हिशेब तपासताना एका पैची चूक सापडावी म्हणून नाथांनी रात्र जागविली, ही आख्यायिका मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. आख्यायिकेची सत्यता बाजूला ठेवली तरी नाथांना कारभाराची भाषा अवगत होती, हे त्यांच्या भारुडांवरून स्पष्ट होते. त्यांच्या ‘अर्जदस्त’ या भारुडात शरीर हा परगणा आहे, जीव हा तेथील शेखदार आहे आणि बुद्धी कारकून आहे. दंभ शेट्या, काम महाजन, मन देशमुख, ममता देशपांडीण आणि क्रोध नाईकवाडी झाला आहे. ही मंडळी कारभार सुरळीत चालू देत नाहीत, अशी या अर्जातील तक्रार आहे.

या रूपकाचा अर्थ आध्यात्मिक आहे, यात शंका नाही. परंतु श्रोत्यांना महाजन आणि देशमुख यांच्या वर्तनाचा प्रत्यक्ष अनुभव नसता तर हे रूपक परिणामकारक ठरले नसते. येथे अन्यायी कारभाराचे चित्र उभे राहते. मात्र दुरुस्ती अपेक्षिली आहे ती माणसाच्या अंतःकरणात.

अनंत फंदी : संसारी माणसाचा व्यवहार
संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्या हयातीत उत्तर पेशवाईचा वैभवकाळ आणि विनाश हे दोन्ही घडून आले. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी पुणे जिंकले, पाठोपाठ दख्खनेत भीषण दुष्काळ पडला आणि १८१८ मध्ये राज्य गेले. या पार्श्वभूमीवर त्यांचा सर्वपरिचित उपदेशपर फटका वाचला पाहिजे. दाराशी आलेल्यास मूठभर द्यावे, दुसऱ्याची ठेव बुडवू नये, मित्रासाठी स्वतःचे पैसे खर्चावेत पण त्याला जामीन राहू नये, असा त्यातील उपदेश आहे.

यातील जामिनकीविषयीचा इशारा विशेष लक्षणीय आहे. राजसत्ता डळमळीत असताना एका जामिनकीने घर बुडू शकते, हे त्या काळातील वास्तव त्यातून डोकावते. तथापि या फटक्यात दारिद्र्य हे प्रामुख्याने अविचाराचे फळ ठरते. ज्याच्याकडे देण्यासाठी मूठभर धान्यही नाही, तो या उपदेशाचा श्रोता नाही.

मुंबईच्या दोन लावण्या
विसाव्या शतकात मुंबई नगरी हा पैशाचा पर्याय बनली. त्या नगरीवर रचलेल्या दोन लावण्यांची तुलना उद्बोधक ठरते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) हे दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे. पहिले रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, तर दुसरे वाटेगावच्या मांग समाजातील. बापूरावांच्या लावणीत मुंबई हे खेड्यातून आलेल्या माणसाचे डोळे दिपविणारे वैभव आहे. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलचे धनिक आणि परळचे कामगार समोरासमोर उभे केले आहेत.

अण्णा भाऊंनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. या परंपरेत दारिद्र्याचे कारण गरिबाच्या स्वभावातून निघून समाजरचनेत गेले. फंदींच्या फटक्यात चुकीच्या वागण्यातून दारिद्र्य येते. येथे दारिद्र्यातून माणसाला तडजोड करावी लागते. कार्यकारणभावाची ही उलटापालट मराठी गीताच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय.

नाकारलेली देणगी
गीत पैशाविषयी बोलते, पण गीताचा स्वतःचा पैसा कोठून येतो? हा प्रश्न एका प्रसंगाने उपस्थित केला. महाडच्या सत्याग्रहासाठी (१९२७) पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारल्याचे अभ्यासकांनी नमूद केले आहे. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्यासाठी स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते.

हा नकार तात्त्विकदृष्ट्या सुस्पष्ट आहे. तरीही एक बोचरा प्रश्न शिल्लक राहतो. पवळेसारख्या स्त्री कलावंताच्या श्रमावर फड उभा राहिला, त्या स्त्रीचे मत या चर्चेत कोठे आहे? दौलतजादा उधळणारा प्रेक्षक नामानिराळा राहिला आणि अनीतीचा शिक्का नाचणारीवर बसला. स्वतः बापूरावांचा अंतही विपन्नावस्थेत झाला. तमाशाच्या पैशाने रचनाकार किंवा कलावंतीण यांपैकी कोणालाही स्थैर्य दिले नाही.

जात्यावरील ओवी
वरील सर्व गीतांना श्रोता होता आणि बहुतेकांना आश्रयदाताही होता. जात्यावरच्या ओवीला यांपैकी काहीच नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून संकलित केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या ओव्यांत सासरचे दैन्य माहेरापासून झाकणारी लेक भेटते, तसेच श्रीमंत भावाच्या दारी मान मिळेल की नाही या शंकेने थबकणारी बहीणही भेटते. येथे पैसा नात्यांची परीक्षा पाहतो. ओवी उपदेश करीत नाही आणि सहसा कोणाला शिक्षाही फर्मावीत नाही. तिला ऐकणाऱ्याला खूश करावयाचे नसते, म्हणूनच तिच्यातील दारिद्र्य शोभेचे होत नाही.

निष्कर्ष
१. दारिद्र्य आणि अनीती यांच्या कारणमीमांसेचा रोख अंतःकरणाकडून वर्तनाकडे आणि वर्तनाकडून समाजरचनेकडे सरकत गेला.
२. नव्या दृष्टीने जुनी दृष्टी पुसली नाही. भारूड, फटका व शाहिरी या तिन्ही परंपरा आजही एकाच श्रोत्याच्या कानी पडतात.
३. गीतातील नीतिविचार त्याच्या अर्थव्यवहारापासून वेगळा काढता येत नाही.

आपल्या महाविद्यालयांतून लोकगीतांचे संकलन होते, त्यात बहुधा शब्द आणि चाल एवढेच टिपले जाते. ते गीत कोणी, कोठे आणि कोणाच्या खर्चाने गायिले, त्या गायिकेच्या हाती काय पडले, याचीही नोंद झाली पाहिजे. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्या कुटुंबांतील मुले आपल्या वर्गात बसतात. दारिद्र्य हा स्वभावदोष आहे असे शिकविणारे गीत आपण त्यांच्यापुढे निव्वळ सुभाषित म्हणून ठेवतो, की त्याचा काळ आणि आश्रय सांगून ठेवतो, हा प्रश्न अध्यापनाचा आहे, तितकाच नैतिकही आहे.